पंच्याऐंशी किलोचं चाक

सायकलचं मागचं चाक तिसऱ्यांदा वाकडं झालं, तेव्हा केसरीनाथ पाटलांनी आधी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताव?" राहीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मी काय चाक खाल्लंय?"

"मी काही बोललो का?"

"बोलत न्हाय तेच तर. कालपासून त्या महादूकडं पण असंच बघताव. तो बिचारा जेवला न्हाय."

महादू हा त्यांच्या गोदामावरचा वॉचमन. परवा तो सायकलची घंटी वाजवताना सापडला होता. घंटी वाजवणारा माणूस आरे सैल करणार नाही कशावरून, असा केसरीनाथांचा सवाल होता. एकवीस गिअरची, डोंगरदऱ्यांत चालवायची म्हणून ठाण्याहून आणलेली नवीकोरी सायकल वडप्याच्या सपाट रस्त्यावर आपोआप मोडते, हे त्यांच्या बुद्धीला काही केल्या पटत नव्हतं.

आता सायकल आलीच कशी, ते सांगायला हवं. हायवेलगतच्या भातशेतीवर गोदाम उभं राहिलं आणि केसरीनाथांचं चालणं संपलं. घरापासून गोदाम दोनशे पावलांवर, पण तेवढ्यालाही ते गाडी काढत. मग गुडघ्यांनी तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, म्हणून त्यांनी ठाण्याहून सायकल आणली. हे व्याह्यांच्या कानावर गेलं. व्याही म्हणजे खारबावचे दौलतराव, लेकीचे सासरे. पुतण्याच्या हळदीला भरल्या मांडवात ते मोठ्याने म्हणाले, "व्याही, तुम्ही सायकलवर बसणार, का सायकल तुमच्यावर?" मांडव खदखदून हसला. केसरीनाथांचा पारा चढला. येत्या रविवारी खारबावला तुमच्या अंगणात सायकलवरूनच येतो, नाही आलो तर ही मिशी ठेवणार नाही, असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले. मिशी त्यांनी विसाव्या वर्षापासून वाढवलेली होती आणि आज बुधवार होता.

त्यांनी बंदोबस्तात कसूर केली नव्हती. सायकल ते गोदामाच्या ऑफिसात कुलपात ठेवत, वरून ताडपत्री घालत, आणि कुणी हात लावला तर कळावं म्हणून पेडलला काळा दोरा बांधत. दोरा जसाच्या तसा होता. तरी चार आरे तुटलेले होते.

म्हणजे चोर चाक देणाऱ्या दुकानातच असणार, असं ठरवून केसरीनाथांनी चाक टेम्पोत घातलं आणि भिवंडी गाठली.

अन्सारीचाचांनी वीस वर्षं लूम चालवले आणि मग सायकलचं दुकान टाकलं. कापडाचे तागे वाहणाऱ्या सायकली सगळ्या त्यांच्याकडे येत. पहिल्या खेपेला त्यांनी चाक देण्याआधी एकच विचारलं होतं, "सेठ, वजन कितना?" आणि केसरीनाथांनी सांगितलं होतं, पंच्याऐंशी. हे काही अगदीच खोटं नव्हतं. लग्नात त्यांचं वजन पंच्याऐंशीच होतं आणि त्यानंतर त्यांनी तो आकडा बदललेला नव्हता. दुकानातल्या बाकड्यावर चार माणसं बसलेली असताना खरं सांगायला ते काही वेडे नव्हते. चाचांनी पंच्याऐंशीच्या हिशेबाने हलकं, चकचकीत चाक दिलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच दिलं.

"तुम्हारा माल डुप्लिकेट है," केसरीनाथांनी चाक काउंटरवर आपटलं.

चाचांनी चष्मा लावला. तुटलेले आरे बोटाने चाचपले, चाक फिरवून किती वाकलंय ते बघितलं. मग चष्म्यावरून केसरीनाथांकडे बघितलं. ती नजर केसरीनाथांच्या ओळखीची होती. महादूकडे ते अशीच टाकत होते.

"सेठ, सच बताओ. पीछे क्या बांधते हो?"

"क्या बांधेगा? मैं अकेला बैठता है."

"पचासी किलो में ये तीली नहीं टूटती. ये एक सौ पंद्रह-बीस का लोड है. मेरी उमर गई इसी में."

केसरीनाथांनी तोंड उघडलं. बाकड्यावर बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. केसरीनाथांनी तोंड मिटलं, आणि मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याबद्दल त्यांनी पुढे कितीदा तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

"थोडा सामान होता है कभी कभी."

"तीस किलो सामान?"

"होगा."

"आपके गोदाम में सूत है ना?" चाचांनी चाक हळूच परत त्यांच्याकडे सरकवलं. "मेरे छोटे भाई की नौकरी सूत की चोरी में गई थी. चोरी किसी और ने की थी. ये काम मैं नहीं करूंगा, सेठ."

केसरीनाथ चाक घेऊन परत आले. पण बाकड्यावरच्या दोघांपैकी एक जण वडप्याला सुताच्या गाड्या आणणारा ड्रायव्हर होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गोदाम ज्या कंपनीला भाड्याने दिलं होतं तिचा इन्चार्ज जीवन ओटीवर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"शेठ, रागवू नका. तुमच्या सायकलवर तीस-तीस किलो सामान जातंय म्हणतात. आमचा सुताचा बॉक्स पण तीसचाच हाय."

"तुमचा बॉक्स कमी झालाय का एक तरी?"

"न्हाय. मोजणी दर वेळी बरोबर येते," जीवन खाली मान घालून म्हणाला. "साहेबांना तेच खटकतंय."

केसरीनाथांनी साक्षीला महादूला हाक मारली. महादूने जे खरं होतं तेच सांगितलं. शेठ सायकल आत कुलपात ठेवतात, वर ताडपत्री टाकतात, दोरा बांधतात, मला जवळ फिरकू देत न्हाईत. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी पहिल्यांदा जरा तरतरी दिसली. जीवनने सगळं वहीत लिहून घेतलं.

"आता तरी सांगून टाका," राहीबाई दारातून म्हणाल्या.

"काय सांगू?"

"जे सगळ्या वडप्याला दिसतंय ते."

केसरीनाथांनी मिशीवरून हात फिरवला. एकीकडे चोर ठरायचं होतं, दुसरीकडे मिशी जायची होती, आणि दोन्हींतून सुटायची वाट एकाच आकड्यातून जात होती. अंगणात आता शेजारची मंडळीही जमली होती.

"जीवन," ते घसा खाकरून म्हणाले, "सामान बिमान काही न्हाय. ते वरचे तीस किलो... मीच हाय."

जीवनने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शेठ, साहेबांना असं तोंडी कसं सांगू? कागद लागंल."

तेव्हा सगळे गोदामात गेले. मालाच्या काट्यावर केसरीनाथ डोळे मिटून उभे राहिले. काटा एकशे सतरावर थांबला. मागून महादूने "बाप रे" म्हटलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"ह्या काट्यात गडबड हाय," केसरीनाथ खाली उतरत म्हणाले.

जीवनचा चेहरा पडला. "शेठ, असं बोलू नका. कंपनीचा सगळा माल ह्याच काट्यावर मोजलाय."

"मग धर्मकाट्यावर चला. तिथं कळंल काय ते."

धर्मकाटा म्हणजे हायवेवरचा ट्रक मोजायचा काटा. तिथे केसरीनाथ सायकलसकट चढले. सायकल कशाला, तर हातात काहीतरी धरलं की माणूस जरा कमी दिसतो, असं त्यांना वाटलं. मागे तीन ट्रक हॉर्न देत उभे राहिले. तो काटा वीस-वीस किलोच्या टप्प्यानेच मोजतो, हे मात्र केसरीनाथांना कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतल्या माणसाने बटण दाबलं आणि शिक्का मारून चिठ्ठी हातात दिली. गाडी, सायकल. माल, शेठ. वजन, एकशे चाळीस.

जीवनने चिठ्ठीची झेरॉक्स काढून साहेबांना पाठवली आणि केसरीनाथांना वाकून नमस्कार केला. चोरीचा डाग गेला. त्या बदल्यात काय गेलं, ते केसरीनाथांनाच ठाऊक.

शनिवारी त्यांनी ती चिठ्ठी अन्सारीचाचांपुढे ठेवली. बाकडं भरलेलं होतं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चाचांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कानाच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाले, "सेठ, ये पहले दिन बोल देते, तो दो पहिये बच जाते." मग त्यांनी माळ्यावरून जाड रिम काढली. छत्तीसऐवजी चाळीस आरे, तेही जाडे, तागे वाहणाऱ्या सायकलींना घालतात तसे. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी आरे ओवून चाक भरलं, बोटाने वाजवून बघत एकेक आरा ताणला आणि गिअर चढवून दिले. चाक दिसायला काही देखणं नव्हतं, पण केसरीनाथांना ते बघून भरून आलं.

रविवारी सकाळी ते निघाले. भिवंडीत दोनदा चहाला थांबले, एकदा नुसतेच थांबले, आणि जेवणाच्या वेळेला खारबावला व्याह्यांच्या अंगणात घंटी वाजवत शिरले. मिशी घामाने चिकटली होती, पण जागेवर होती. चाक सरळ होतं.

दौलतराव थट्टा करतील म्हणून केसरीनाथ तयारीत होते. पण दौलतरावांचं लक्ष चाकावरच होतं. ते सायकलभोवती फिरले, खाली बसून चाकाचे आरे मोजले, रिम अंगठ्याने दाबून बघितली. जेवताना जिताडा माशाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी व्याह्यांच्या ताटात वाढला. केसरीनाथांना लगेच संशय आला.

जेवण झाल्यावर दौलतराव त्यांना हळूच मागच्या गोठ्यात घेऊन गेले. दार आतून लावलं आणि पेंढा बाजूला केला. खाली अगदी तशीच गिअरची सायकल होती. मागचं चाक भाजलेल्या पापडासारखं वळलेलं होतं.

"चौथ्यांदा झालंय, व्याही," दौलतराव कुजबुजले. "कुणीतरी मुद्दाम करतंय. मला तर आमच्या गड्याचाच संशय हाय."

केसरीनाथांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वजन किती तुमचं?"

दौलतरावांनी दाराकडे बघितलं, पोट आत ओढलं आणि म्हणाले, "पंच्याऐंशी."

केसरीनाथांनी खिशातली चिठ्ठी चाचपली आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सायकल घ्या संगती," ते म्हणाले. "तुमच्याकडं धर्मकाटा कुठं हाय?"