काचेत न गोठणारी येसूआक्का

घरी पाहुणा टेकला की लोक आधी पाणी देतात. माझी थोरली जाऊ, कापडे गावची येसूआक्का, आधी विळ्याच्या टोकाने स्वतःचं बोट टोचून दाखवायची. थेंब यायचा, थांबायचा. "बघ, थांबलं! आता पाणी पी."

पाहुण्याला पाणी जायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

झालं असं की आक्काच्या बेंबीजवळ हर्नियाची गाठ आली. महाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. त्यांचा एक चहा झाला, दुसरा झाला, रक्त आपलं पातळच. "कापलं तर थांबणार नाही," म्हणाले. ऑपरेशन नाही. आणि गाठ आत अडकली तर जीवावर बेतेल, हेही त्यांनीच सांगितलं.

मी तेव्हा ऐन तिशीतली, घरातली शहाणी. लगेच विळे, कोयता, किसणीसुद्धा तांदळाच्या कणगीत लपवली. दुपारी आक्काने तांदूळ काढायला हात घातला.

"गो बाये, आज किसणीचा भात हाय काय?"

आक्का हटली नाही. दर आठवड्याला एसटीने महाड गाठायची आणि डॉक्टरांपुढे बोट धरायची. "काचेत नाय गोठत, बोटात गोठतंय. तुला मला कापायचं हाय का काचंला?"

शेवटी त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा आम्हाला समोर बसवून म्हणाले, "रक्तात एक एन्झाइम झोपलेलं असतं. काचेला लागलं की जागं होतं, पुढच्याला उठवतं, ते त्याच्या पुढच्याला. असं करत रक्त गोठतं. आक्का, तुमच्यात ते पहिलंच नाही. पण जखम झाली की तिथलं मांसच पुढच्यांना उठवतं. करू ऑपरेशन."

"म्हंजे माझं रक्त काचंला वळखत नाय, माणसाला वळखतं. मी कवापास्नं काय सांगते?"

ऑपरेशनच्या दिवशी रडत होते मी, आणि खाटेवरून दटावत होती ती. "रडतेस काय गो? थांबतंय!"

सलाईन लावायला नर्सने तिचा हात उलटा केला. बोटांची टोकं मी पहिल्यांदाच नीट पाहिली. टोचून टोचून निबर झालेली. इतके पाहुणे आमच्याकडे कधी येतच नव्हते.

"आक्का, हे काय?"

ती छताकडे बघत राहिली. "सकाळी उठले की बघते गो. आज पन थांबतंय ना."

मग दुसरा हात माझ्या हातात दिला. "धर. मी दटावलं तरी सोडू नको."