चारशे बारा चुकांची वही

चूक माझ्या हातून सुटत नाही! ही बढाई नव्हे, माझा पोटापाण्याचा उद्योगच तो आहे. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका पकडणारी बाई. एका कादंबरीचा नायक तिसऱ्या प्रकरणात वारला होता आणि नवव्यात चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करत होता. लेखकाला दिसलं नाही, संपादकाला दिसलं नाही, लेखकाच्या बायकोलाही दिसलं नाही. मी त्याला कपबशीसकट पकडलं!

हा गुण बाबांकडून आला. बाबा वजनमापे तपासनीस होते. उभा जन्म दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेला. निवृत्त झाले, तराजू संपले आणि हात शिवशिवायला लागले. मग त्यांनी अंतराळाचे सिनेमे तपासायला घेतले.

थिएटरात ते मनगटावर घड्याळ, मांडीवर वही आणि पेन्सिलीला बांधलेला इवलासा दिवा घेऊन बसत. शेजारी आई. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'विज्ञान', हा बाबांचा रकाना. उजवीकडे 'गोष्ट', हा आईचा. बाबांच्या नोंदीला मिनिट आणि सेकंद असायचे : "४२:१० – अवकाशात स्फोटाचा आवाज. तिथे हवा नाही. आवाज कशावर बसून आला?" आईच्या नोंदीला वेळ नसायची : "याने खिशातून बायकोचा फोटो काढला. आता हा मरणार." आणि तो मरायचा! बाबा कौतुकाने तिच्याकडे बघायचे. त्यांच्या शास्त्रात एवढं अचूक भाकीत नव्हतं.

आमच्याकडे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक चित्रपट मंडळ आहे. वर्षातली एक संध्याकाळ बाबांची असे : चुकांची संध्याकाळ. आधी सिनेमा दाखवायचा, मग बाबा वही उघडून चुका वाचायचे. साठ खुर्च्या, त्यांपैकी चाळीस तरी भरायच्या.

आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर एक दिवस मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर देता येणार नाही, असं धरूनच ते बोलतात.

"तुझ्या वडिलांबद्दल आदर आहे हं मला. पण ती संध्याकाळ आता बंद करू या. रसाचा चोथा करायचे ते. सिनेमात चंद्र ओढून आणतायत तर आणू द्यावा ना! आपलं काय जातं?"

"काका, यंदा मी करते."

"तू?"

"एकदा बघा. रंगली नाही तर बंद करा."

"साठ माणसांसमोर सांगतो, नाही रंगली तर बंद! मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती खिडकीशी बसून होती. आठ महिन्यांत ती एकही सिनेमा बघायला बाहेर पडली नव्हती. "कोणता दाखवणार?" एवढंच तिने विचारलं.

"चंद्राचा."

"अगं बाई," आई म्हणाली.

हा बाबांचा सर्वांत नावडता, म्हणून सर्वांत लाडका सिनेमा. चंद्र पृथ्वीपासून दूर चाललाय, म्हणून सहा माणसं यानात बसून त्याला पोलादी दोर बांधतात आणि ओढून जागेवर आणतात! या एका सिनेमात बाबांना एकतीस चुका सापडल्या होत्या.

माझी योजना अशी. चुका नंतर कशाला वाचायच्या? जिथल्या तिथे दाखवायच्या! बाबांनी प्रत्येक चुकीची वेळ लिहून ठेवलीच होती. त्या वेळेला पडद्याच्या तळाशी दुरुस्ती उमटेल. शिवाय जिथे हवा नाही अशा नऊ ठिकाणी आवाज पूर्ण बंद. आवाज नसलेला स्फोट एकदा तरी बघायला मिळावा, अशी बाबांची फार इच्छा होती. ती मी पूर्ण करणार होते.

मी वही उघडली ती थेट एकसष्टाव्या पानावर, जिथे चंद्राचा सिनेमा सुरू होत होता. एकतीसच्या एकतीस दुरुस्त्या वेळेसकट टाइप केल्या, तीनदा तपासल्या.

"वही पहिल्यापासून वाचलीस का?" आईने विचारलं.

"आई, बाकीचे सिनेमे वाचून काय करू?"

"तसं नाही…"

"हे माझं रोजचं काम आहे गं!"

आई पुन्हा खिडकीकडे वळली. आमच्या घरात एवढ्यात गप्प बसणं कोणाला खटकत नव्हतं.

सिनेमा चालवायचं काम रीळकाकांचं. पस्तीस वर्षं त्यांनी थिएटरात रिळं फिरवली, आता मंडळाचा संगणक चालवतात. त्यांचा नियम एकच : खेळ चालू असताना खोलीचं दार आतून बंद. ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही.

"कागदावर लिहिलंय ते मी करणार," त्यांनी बजावलं. "पुढे नाही, मागे नाही."

"काका, सेकंदाचाही फरक नको."

"होणार नाही."

झाला नाही. तेच तर झालं!

संध्याकाळी साठच्या साठ खुर्च्या भरल्या. आई आली, पहिल्या रांगेत बसली. अध्यक्ष तिच्या पलीकडे, हाताची घडी घालून. दिवे गेले.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक शास्त्रज्ञ ओरडला, "चंद्र आपल्याला सोडून चाललाय!" इथे माझी पहिली दुरुस्ती यायला हवी होती. आली नाही. असेल, रीळकाकांना जरा वेळ लागत असेल. अकरा मिनिटं गेली. पडद्यावर बाग आली. कप्तान गुडघा टेकून प्रेयसीला लग्नाचं विचारत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खाली ठसठशीत अक्षरं उमटली :

"हा वेग नखं वाढण्याच्या वेगाइतका आहे. घाबरण्याचं कारण नाही."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

लग्न झालं. यान निघायची वेळ आली. नवी नवरी कप्तानाला टाय धरून जवळ ओढू लागली.

"एवढ्या वस्तुमानाची वस्तू अशा दोराने ओढली जाणार नाही. दोर तुटेल."

सभागृह फुटलं! "ओढ गं, ओढ!" एक आजोबा ओरडले.

"हे आधीच्या दृश्याचं आहे," आई पुटपुटली.

"मला कळतंय!" मी म्हणाले. तेवढ्यात आवाज गेला. पडद्यावर कप्तानाच्या घरचं जेवण चालू होतं. सासू, सासरे, नवरा, नवरी. सगळ्यांची तोंडं हलतायत, आवाज शून्य. खाली अक्षरं : "इथे हवा नाही. कोणी काहीही बोललं तरी कोणाला ऐकू जाणार नाही."

"आमच्याकडे रोज असंच असतं!" एक बाई म्हणाल्या. त्यांच्या यजमानांना ते खरंच ऐकू गेलं नसावं, कारण तेही हसले.

मी उठले आणि वाकून, लोकांच्या गुडघ्यांवर आपटत, मागे रीळकाकांच्या खोलीशी गेले. दार बंद. ठोठावलं. आतून आवाज आला, "खेळ चालू आहे!" दाराला हातभर काच होती. मी काचेसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात फाकवून खुणा केल्या : फार अंतर पडतंय, फार! रीळकाकांनी मान डोलावली, कळ दाबली. मी वळून पाहिलं. अक्षरं दुप्पट मोठी झाली होती!

मी डोकं धरलं. मग कानाला बोट लावून जोरजोरात हात हलवला : आवाजाचा सगळा गोंधळ झालाय! रीळकाकांनी पुन्हा मान डोलावली, अंगठा दाखवला आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत नेली.

पडद्यावर त्याच क्षणी यानाचा मागचा भाग फुटला. अवकाशात! जिथे हवा नाही तिथे! बाबांचा तो स्फोट, जो मी मूक करणार होते, असा दणाणला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि अध्यक्ष खुर्चीतून वीतभर उडाले. सभागृहाचं दार धाडकन उघडून खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई आत आल्या.

"काय चाललंय काय? खाली लोक वाचतायत! कसला आवाज हा?"

त्यांच्या मागे पडदाभर अक्षरं झळकली : "इथे आवाज होऊच शकत नाही. प्रेक्षकांचा भ्रम."

लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. ग्रंथपालबाईंनी पडदा वाचला, पुन्हा वाचला आणि कोपऱ्यातली घडीची खुर्ची उघडून बसून घेतलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता काही करण्यासारखं नव्हतं. बाबांची संध्याकाळ माझ्या हातून, माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. पडद्यावर कप्तान यानाच्या शिडीवर उभा होता, हातात दोराचं टोक. रेडिओवर तो बायकोला म्हणाला, "रडू नकोस. मी परत येईन."

"हे प्रत्यक्षात शक्य नाही."

या वेळी सगळे हसले नाहीत. पहिल्या रांगेतल्यांना आई दिसत होती. मलाही तिचं डोकं दिसत होतं, अगदी स्थिर. मग ते हललं. आधी थोडं, मग खांदेही. मी पुढे धावले. जाऊन बघते तर आई पदर तोंडाशी धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"काय हे गं," तिला धड बोलता येईना, "गेले तरी… दुरुस्त करतायत!"

मी तिच्या शेजारी बसले. हसावं की नाही ते ठरवायला मला थोडा वेळ लागला. मग हसले.

त्यानंतर सभागृह माझं राहिलं नाही, दुरुस्त्यांचं झालं. पुढची कधी येते म्हणून लोक वाट बघू लागले. आईला तर कंठ फुटला. "सात महिने यानात आहेत, एकाच्याही शर्टाला सुरकुती नाही. इस्त्री कोण करतं?" ती मोठ्याने म्हणाली. टाळ्या! अखेर चंद्र जागेवर आला, कप्तान घरी आला, सिनेमा संपला.

सिनेमा संपला, पण कागद संपला नव्हता. रीळकाका कागदाचे पक्के.

अध्यक्ष तरातरा पडद्यासमोर गेले. "हे मंडळ," त्यांनी सुरुवात केली, "एक गंभीर मंडळ आहे!"

त्यांच्या डोक्यावर अक्षरं उमटली : "या माणसाने शिरस्त्राण घातलेलं नाही. तो आतापर्यंत बेशुद्ध पडायला हवा होता."

हास्याचा स्फोट झाला. अध्यक्षांना वाटलं, आपलं वाक्य लागलं. ते आणखी जोरात म्हणाले, "मी तर म्हणतो, विज्ञान आणि कला…"

"एवढं बोलायला लागणारा प्राणवायू याने कुठून आणला?"

ग्रंथपालबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. अध्यक्ष अखेर मागे वळले. त्यांनी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंड त्यांचं उघडं होतं आणि उत्तर देता येत नव्हतं!

"बंद करायची का ही संध्याकाळ?" त्या आजोबांनी विचारलं.

"नाही!" साठ माणसं ओरडली.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. "ठीक आहे. चालू ठेवू," ते म्हणाले. मग खाली वाकून, "पण हे तू मुद्दाम केलंस ना? म्हणजे, ही कल्पना?"

"अर्थात," मी म्हणाले.

घरी आल्या आल्या मी वही उघडली. कोडं वाटेतच सुटलं होतं. बाबा खुर्चीत बसल्याबरोबर घड्याळ लावायचे आणि थिएटरात आधी जाहिराती असायच्या. अकरा मिनिटं जाहिराती! मंडळात जाहिराती नसतात. म्हणजे बाबांच्या सगळ्याच वेळा अकरा मिनिटांनी चुकलेल्या! खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं. उभ्या जन्मात त्यांची चूक कोणी काढली नव्हती. वहीत शेवटच्या सिनेमापर्यंत चारशे बारा चुका होत्या, ओळीने आकडे घातलेल्या. मी लाल पेन काढलं आणि डाव्या रकान्यात लिहिलं : "४१३ – तपासनिसाचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे."

लिहून पेन हातात धरून मी थोडी थांबले. आतल्या खोलीतून ते वाद घालायला येतील, असं वाटलं असावं.

आई आली. तिने चष्मा लावून वाचलं.

"पहिलं पान उघड," ती म्हणाली.

मी उघडलं. बाबांचं अक्षर, खाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ :

"सूचना : सर्व वेळा खुर्चीत बसल्यापासून. मध्यंतर वजा केले आहे. जाहिराती (११ मि.) वजा केलेल्या नाहीत, कारण प्रेक्षकाला त्याही सोसाव्या लागतात."

मी पानावरून मान वर केली.

"तुला माहीत होतं?"

"विचारलं होतं की तुला, पहिल्यापासून वाचलीस का म्हणून."

"मग सिनेमा चालू असताना तरी सांगायचंस!"

"रंगला होता गं," आई म्हणाली. "खोड आता ते."

"लाल पेनाने लिहिलंय. खोडलं जात नाही."

"दे इकडे."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या ओळीसमोर, आठ महिने कोऱ्या राहिलेल्या उजव्या रकान्यात, सावकाश लिहिलं : "मुलगी बापाची चूक काढायला निघाली. आता ही तोंडघशी पडणार."

वेळ नेहमीप्रमाणे लिहिली नाही.

तर, या कथेचं पहिलं वाक्य कृपया दुरुस्त करून वाचावं.