मावशीच्या तुळईचा टेकू

मावशीच्या हॉलमधल्या तुळईला भेग पडली, आणि सख्खा भाचाच इंजिनियर असल्यामुळे तिनं बाहेरचा माणूस बोलावला नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच.

भाच्यानं मान आखडेपर्यंत भेगेकडे पाहिलं. ती नुसती गिलाव्याला आहे की आतल्या काँक्रीटलाही, हे खालून कळेना. पण शंका आली की आधी आधार द्यायचा आणि मग विचार करायचा, हे तो नोकरीत पक्कं शिकला होता. संध्याकाळच्या आत त्यानं सोफा सरकवून तुळईखाली लोखंडी टेकू उभा केला.

जेवायला बसल्यावर त्याचा घास हातातच राहिला. भार टेकूवर आला हे खरं, पण टेकू उभा होता मावशीच्या फरशीवर, आणि ती फरशी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं छत. सकाळी डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी टेकू आला. त्याच न्यायानं तळमजल्यावर शिंप्याच्या दुकानातही आला. शिंप्याच्या फरशीखाली इमारतीची पाण्याची टाकी निघाली. ती रिकामी करून तिच्यातही एक टेकू उतरवला, आणि अख्खी इमारत बादल्या घेऊन शेजाऱ्यांकडे हिंडू लागली.

“भेग कुणाकडे पडलीय?” शिंप्यानं शांतपणे विचारलं.

“मावशीकडे.”

“मग पाणी माझं का गेलं?”

भाच्याला उत्तर येत होतं. पण सांगायला लागलं की त्याचं त्यालाच ते खरं वाटेनासं व्हायचं.

शेवटी तो शिडीवर चढला आणि भेगेवरचा गिलावा फोडला. आतलं काँक्रीट ठणठणीत होतं.

“हे आधीच का नाही फोडलंस?” मावशीनं विचारलं.

“आधी आधार नव्हता ना.”

मावशीनं आपला टेकू काढायला लावून सोफा जागेवर नेला. टाकीतलाही निघाला, पाणी आलं. डॉक्टर मात्र ऐकेनात. दात उपटताना पेशंट आता त्यांचा हात सोडून टेकू धरत होते, म्हणून तो राहू दे म्हणाले. शिंप्यानं भाच्याला बाकावर बसवून घेतलं आणि, भार नव्हता तर टेकू लावलाच का, आणि होता तर काढता का, एवढंच विचारलं. भाचा तिथून उठला तेव्हा टेकू जागच्या जागीच होता.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर वाटच बघत होते.

“खालच्यांना टेकू दिलेत, आम्हाला का नाही?”

“सर, तुमच्या डोक्यावर फक्त गच्ची आहे.”

“आणि गच्ची कशावर आहे?”

भाचा खिशातून मोजायची टेप काढून त्यांच्या मागे जिना चढू लागला.