साक्षांकित पासवर्ड

कल्याणच्या एका महाविद्यालयात १९९६ साली 'संगणक सुरक्षा : धोके व उपाय' हा विषय सुरू झाला. पहिल्याच तासाला विभागप्रमुख गोपीनाथ सरांनी बजावले, "पासवर्ड कोणालाही सांगू नये." चाळीस विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. शहाडच्या जयाने ते खरेही मानले. चूक झाली ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. पासवर्ड गुप्त राहतो की नाही यावर लक्ष ठेवता यावे, म्हणून प्रत्येकाने तो विहित नमुन्यात, तीन प्रतींत, राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून सादर करावा. जवळचे राजपत्रित अधिकारी म्हणजे गुरांचे डॉक्टर, म्हणून मुले गुरांच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी एका म्हशीला इंजेक्शन देता देता चाळीस पासवर्डांवर 'खरी प्रत' असा शिक्का मारला. जयाने फॉर्मवर भलताच शब्द लिहिला होता. शिक्का त्यावरही बसला. पुढे दोघांचा पासवर्ड एकच निघाला. असा गोंधळ पुन्हा नको म्हणून सगळी यादी सूचनाफलकावर लागली. फलकाला काच होती, कुलूपही होते. सुरक्षेत कसूर नव्हती.

प्रात्यक्षिक परीक्षेला चार दिवस उरले असताना कुणीतरी एकोणचाळीस जणांचे वर्षभराचे काम पुसून टाकले. जयाचे तेवढे शाबूत राहिले. चौकशी समितीला गुन्हेगार तासाभरात सापडला.

"सगळ्यांचं गेलं, मग तुझंच कसं राहिलं?" सरांनी विचारले.

"सर, मी खरा पासवर्ड कुणालाच दिला नव्हता."

"म्हणजे फॉर्मवर खोटा लिहिलास? साक्षांकित खोटा!" सरांचा आवाज चिरकला. "सोमवारपर्यंत निर्दोष असल्याचा पुरावा आण, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."

"पण सर, पहिल्या तासाला तुम्हीच सांगितलेलं ना?"

"अगं, ते पेपरात लिहायचं असतं!"

घरी आई आवडाबाईचाही सूर तोच. "सगल्यांचा गेला, मंग तुजाच कसा रायला गो?" जयाला रडूच फुटले. वर्ष वाया जाणार होते, आणि तेही अभ्यास केल्याबद्दल.

सोमवारी तिने प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या, आत जाऊन आपले सगळे काम आपल्याच हाताने पुसले आणि ओरडली, "सर, माझंही गेलं!"

सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास! आता कसं, शंकेला जागाच नाही." समितीने चाळिसांनाही समान नुकसानीबद्दल समान, पहिल्या वर्गाचे गुण दिले. राघो शिपायाने पेढे वाटले. काम पुसले कोणी, हे शोधायचे गडबडीत राहूनच गेले. लेखी पेपरात 'पासवर्ड कोणालाही सांगू नये' यावर जयाला दहापैकी दहा मिळाले.

हसून झाले असेल, तर आपल्या दाराची जादा किल्ली तुळशीच्या कुंडीखालून काढून घ्या. ती तिथे असते हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. किंवा नको, राहू द्या. उद्या मजल्यावर चोरी झाली आणि तुमचेच घर तेवढे वाचले, तर शेजाऱ्यांना काय सांगाल?