हत्ती, एक नग

स्टोअरकीपरना ऑफिसात सगळे मागून ‘नकारघंटा’ म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही वस्तू पहिल्या मागणीला दिली नव्हती. पेन हवं तर संपलेली रिफिल दाखवायची. बल्ब हवा तर उडालेला जमा करायचा, आणि तो फुटला असेल तर काचांसकट. टायपिस्टबाईंच्या खुर्चीचं एक चाक दोन वर्षांपूर्वी निखळून कुठेतरी गडप झालं. तेव्हापासून त्या डावीकडे कलून टाइप करत होत्या.

"काका, नवीन खुर्ची द्या की हो. मान गेली माझी."

"जुनी जमा करा."

"ही काय, घ्या ना!"

"चाकं चारच आहेत. पाचवं कुठंय? पूर्ण खुर्ची आणा, मग बोलू."

अशा तक्रारी ऐकून ऐकून साहेबांचे कान किटले. त्यांनी नाटकातले खेळ शिकवणाऱ्या एका मॅडमना तीन दिवसांसाठी बोलावलं. पाठांतर नको, स्टेज नको. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं आणि पुढे न्यायचं, असे नवशिक्यांचे सोपे खेळ.

"तीन दिवस ‘नाही’ म्हणायचं नाही," साहेबांनी स्टोअरकीपरना बजावलं. "मॅडमनी शेवटची टाळी वाजवेपर्यंत. त्याआधी एकदा जरी म्हणालात, तर स्टोअरची किल्ली टायपिस्टबाईंकडे."

स्टोअरकीपरचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. रिटायर व्हायला आठ महिने होते. शेवटच्या दिवशी किल्ली स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवायची, कुणी काढून घेता कामा नये, एवढीच त्यांची हौस उरली होती.

टायपिस्टबाईंचं तोंड तर त्यांच्याहून उतरलं. "मला कशाला हो किल्ली? धुळीने शिंका येतात मला!"

मीटिंगच्या खोलीला रंग लागत होता, म्हणून वर्ग भरला स्टोअरमध्येच, रॅक भिंतीला सरकवून. पहिला खेळ न दिसणाऱ्या चेंडूचा. मॅडमनी हवेतला चेंडू साहेबांकडे फेकला, साहेबांनी बाईंकडे, बाईंनी स्टोअरकीपरकडे. त्यांनी तो झेलला, उलटसुलट करून पाहिला, रॅकवर ठेवला आणि रजिस्टर उघडलं.

"काका, पुढे टाका ना!"

"स्टोअरमध्ये आला म्हणजे जमा झाला. हवा असेल तर मागणीपत्र भरा."

"वा! किती खरा केलात तुम्ही तो चेंडू!" मॅडम खूश झाल्या.

म्हणजे खेळायचं ते असंच, हे स्टोअरकीपरनी मनात पक्कं केलं. रजिस्टरमध्ये शाईने नोंद झाली: ‘चेंडू, एक नग, न दिसणारा.’

दुसऱ्या दिवशी ‘हो, आणि’चा खेळ. समोरच्याने काहीही म्हणावं, आपण ‘हो, आणि’ म्हणून त्यात भर घालायची. टायपिस्टबाईंनी दोन वर्षांची मानदुखी एका दिवसात वसूल करायचं ठरवलं.

"काका, तुमच्या मागे हत्ती उभा आहे."

घशाशी आलेला शब्द स्टोअरकीपरनी महत्प्रयासाने गिळला. "हो, आणि... त्याचे कागद कुठंयत?"

"हो, आणि कागद त्यानेच खाल्ले!"

"हो, आणि खाल्ले तरी नोंद करावीच लागणार."

‘हत्ती, एक नग, वापरलेला.’

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास, शेवटची टाळी तासावर आली असताना, पुढच्या आठवड्यात यायचे ते ऑडिटर आजच दारात उभे राहिले. त्यांनी रजिस्टर मागितलं. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा हत्ती स्टोअरमध्ये आहे?"

साहेब खिडकीबाहेरचं काहीतरी निरखू लागले. ‘नाही’ म्हणावं तर किल्ली गेली. ‘आहे’ म्हणावं तर हत्ती दाखवा.

"हो," स्टोअरकीपर म्हणाले. "आणि... कालपासून उभाच आहे बिचारा."

"मला तर दिसत नाहीये."

टायपिस्टबाईंनी एकवार त्या धुळीने माखलेल्या रॅककडे पाहिलं. नाक आत्ताच हुळहुळायला लागलं होतं. त्या पुढे झाल्या.

"सर, जरा इकडे सरकता का? सोंडेखाली उभे आहात तुम्ही."

ऑडिटर दोन पावलं सरकले. आणि एकदा सरकल्यावर हत्ती नाही असं म्हणायची त्यांची सोय राहिली नाही.

"शेपटीकडून सांभाळून हं," खिडकीपाशी साहेबांनाही कंठ फुटला. "मी धरून ठेवतो."

ऑडिटरनी हत्तीला लांबून एक प्रदक्षिणा घातली. मग चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: ‘हत्ती प्रत्यक्ष पाहिला. अंगावर नग क्रमांक टाकलेला आढळला नाही. सात दिवसांत टाकावा.’ चेंडूही त्यांनी मागवून घेतला, दाबून पाहिला. ‘हवा कमी.’

ते चहाला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पाचला मॅडमनी टाळी वाजवली आणि त्याही गेल्या. किल्ली कमरेलाच होती. स्टोअरकीपरनी तीन दिवस कोंडलेला श्वास सोडला.

"काका, आता माझी खुर्ची?"

स्टोअरकीपरनी रॅकमागे जाऊन हवेतलं काहीतरी जड उचललं, धापा टाकत आणून बाईंसमोर ठेवलं. "घ्या. नवी कोरी, पाचही चाकं आहेत. इथे सही करा."

बाईंनी सही केली. मग त्या केबिनच्या दिशेने वळल्या. "ऑडिटरसाहेब अजून चहा पितायत. हत्ती सुटला म्हणून हाक मारू का?"

स्टोअरकीपर पुन्हा रॅकमागे गेले. या वेळी बाहेर आली ती खरी खुर्ची, प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा न काढलेली. दोन वर्षं तिथेच होती. पण देता देता त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात घट्ट केला. नियम तो नियम.

"आधी जुनी जमा करा. पूर्ण."

बाई वाकल्या. सही करून घेतलेली हवेतली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि स्टोअरकीपरच्या हातात दिली.

"पाचही चाकं आहेत, काका. मोजून घ्या."

स्टोअरकीपरनी मोजली. पाच भरली. त्यांनी रजिस्टर उघडलं.