तिसऱ्या कडव्याची श्रवणचाचणी

नळाच्या कारखान्यात दर्जा तपासनीस असलेल्या एका गृहस्थांच्या घरी सीडी प्लेअरचा ट्रे उघडेनासा झाला आणि घरच्या संगीतव्यवस्थेत एक जागा रिक्त झाली. बाकीची यंत्रणा ठणठणीत होती. पंधरा वर्षं जपलेला ॲम्प्लिफायर, कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणि करंगळीएवढ्या जाड वायरी. रिक्त पदावर स्ट्रीमर नेमायचा असं ठरलं. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून गाणं ओढून ॲम्प्लिफायरच्या हवाली करणारा डबा. काम निरोप्याचं, पण निरोप्याची नेमणूकही रीतसर झाली पाहिजे, असं तपासनिसांचं मत होतं.

त्याच सुमारास त्यांची आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना राहायला आली. वाचायला बंदी, म्हणून तिने एक गाणं ऐकायला मागितलं.

"तो होडीत बसून जातो ना, ते. पहिल्या कडव्यात तो जातो, दुसऱ्यात ती वाट बघते. तिसरं काही केल्या आठवत नाही. तो परत येतो की नाही एवढं कळलं, की मी सुखाने घरी जाईन."

बायकोने लगेच फोन काढला. तपासनिसांनी तो काढून घेतला.

"अगं, आयता जाणकार कान घरी चालून आलाय. फोनवर ऐकवून तो बिघडवू नकोस. निवड होईपर्यंत आत्याचा कान कोरा राहिला पाहिजे."

आठवड्यात परत करायची सोय असलेला पहिला डबा आला. 'श्रवण अहवाल, नमुना तीन' छापून तयार होता. आवाजाची स्वच्छता, खोली आणि उबदारपणा, प्रत्येकी दहापैकी गुण. गाणं सुरू झालं, होडी काठावरून सुटली आणि बरोबर एका मिनिटाने गाणं बंद झालं.

"बंद का केलंस?"

"एका मिनिटात सगळं कळतं, आत्या. मी रोज चारशे तोट्या तपासतो. तीन सेकंद उघडायची, बंद करायची. पाणी प्यावं लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तेच."

"परीक्षा शितावरून करतात हे खरं," आत्या म्हणाली. "पण नंतर भात जेवतात रे."

तपासनिसांनी हे वाक्य शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं आणि पुढे 'विषयाशी संबंध नाही' अशी नोंद केली.

पहिला डबा उबदारपणात कमी पडला, दुसरा खोलीत. तिसऱ्याच्या वेळी फ्रिजची घरघर अहवालात येऊ लागली, तेव्हा चाचणीपुरता फ्रिज बंद ठेवायचं ठरलं. तो परत सुरू कोणी करायचा हे ठरायचं राहिलं, आणि दूध नासलं. चौथ्या डब्यासाठी पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ थांबवण्यात आलं. पाचव्याच्या वेळी असं निदर्शनास आलं, की आत्याच्या खुर्चीची गादी आवाज शोषून घेते. गादी गेली. आत्या लाकडावर बसली आणि तिने तिन्ही रकान्यांत शून्य दिलं. दीड महिन्यात ती होडी शंभरदा काठावरून सुटली, पण नदीच्या मध्यापर्यंत एकदाही पोचली नाही.

सहावा डबा आला त्या आठवड्यात तपासनिसांनी माप घेणारा माइक आणला. कान माणसागणिक बदलतो, माइक बदलत नाही. शिवाय माणसाचं अंगही गादीसारखंच आवाज पितं, असं त्यांच्या वाचनात आलं होतं.

आत्याच्या जाण्याचा दिवस उजाडला. बॅग भरून झाली.

"अहो, आज तरी पूर्ण लावा," बायको म्हणाली. "त्यांची गाडी चारची आहे."

"निकाल लागला की लगेच लावतो. फक्त खोलीत कोणी नको. मी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर आकडे बघतो, तुम्ही दोघी जिन्यात थांबा. आणि तुझा फोन बंद करून कपाटात ठेव, लहरी येतात."

जिन्यात डबा परत न्यायला पार्सलवाला आधीच येऊन बसला होता. निम्मे केस पिकलेला, दम लागलेला. सावधगिरी म्हणून प्रत्येक डब्याचा परतीचा अर्ज डबा येण्याआधीच भरला जात असे, त्यामुळे तो आता घरच्यासारखाच झाला होता.

"झालं का आजी गाणं ऐकून?"

"कुठलं रे. तिसरं कडवं राहिलंच. आता बहुतेक राहिलंच."

त्याने खिशातून फोन काढला. काच तडकलेली, स्पीकरच्या भोकात धूळ. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाजलं, पण वाजलं. होडी सुटली, वाट बघून झाली आणि तिसरं कडवं सुरू झालं तशी आत्याने पार्सलवाल्याचं मनगट घट्ट धरलं.

"असं होय," ती शेवटी म्हणाली आणि हसली. बायकोने डोळे पुसले. पार्सलवाला उगीच भिंतीकडे बघत राहिला.

दार उघडून तपासनीस बाहेर आले. चेहरा उजळलेला.

"नऊ पूर्णांक चार! खोलीत कोणी नसलं की आवाज अप्रतिम येतो."

"मग आता?"

"आता काय, खोलीत कोणी नसलं पाहिजे. तुम्ही काय ऐकत होता?"

"गाणं," आत्या म्हणाली.

"यावर? खालचे स्वर तर गायबच असतील."

"असतील बाबा. बाकी सगळं होतं."

चारच्या गाडीने आत्या सुखाने घरी गेली.

ही हकीकत नंतर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी मान डोलावून एकच प्रश्न विचारला, "मग शेवटी घेतला कोणता?" होडीतला तो परत आला की नाही, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही मात्र तेच विचारणार होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.