सरासरीतला नळ

सरासरीइतका दयाळू शोध माणसाने दुसरा लावलेला नाही. ती कोणाचं काही काढून घेत नाही, तरी प्रत्येकाच्या पदरात थोडंफार टाकतेच. पाहणी खात्यातल्या साहेबांचा तर तिच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. (देव दरवर्षी अहवाल देत नाही.)

यंदाचा अहवाल वाचून साहेबांना भरून आलं. प्रभागात दर घरामागे दीड नळ! मागच्या पाहणीत अर्धाच होता. बालकांच्या जुलाबाचं प्रमाणही सरासरीने घटलं होतं. नाल्याकडच्या खोल्यांमध्ये एकही नळ नव्हता, हे खरं. पण साहेब राहत होते त्या नव्या इमारतीत घरटी सात-सात नळ आल्याने ती उणीव भरून निघाली होती. ही आनंदाची बातमी नाल्याकडच्यांना कोण सांगणार? म्हणून साहेब स्वतः गेले.

तिथे एक बाई मुलीला कडेवर घेऊन उभी होती. हातपंपाच्या गढूळ पाण्याने मुलीचं पोट बिघडलं होतं, ते थांबतच नव्हतं. डॉक्टरांनी चांगलं पाणी पाजायला सांगितलं होतं.

“साहेब, आमच्या वाट्याला दीड नळ आलाय म्हणता?”

“आलाय म्हणजे काय! छापून आलंय.”

“मग आहे कुठे तो?”

असला प्रश्न पाहणीच्या इतिहासात कोणी विचारला नव्हता. साहेब हसून म्हणाले, “अहो, तुमचा नळ नव्या इमारतीत आहे.” उत्तर शास्त्रशुद्ध होतं. घोटाळा एवढाच झाला, की बाईला तो पत्ता वाटला.

संध्याकाळी साहेबांच्या दाराची बेल वाजली. बायकोने भोकातून पाहिलं. “अहो, कोणी बाई आलीय. बादली घेऊन. कडेवर पोर आहे. आपला नळ इथे आहे म्हणतेय.”

एक बादली भरून दिली तर पोरीचा जीव वाचेल, हे साहेबांनाही कळत होतं. पण पाहणीतल्या कुटुंबाच्या परिस्थितीत पाहणी करणाऱ्याने ढवळाढवळ करू नये, असा नियम आहे. (तो त्यांना नेमका तेव्हाच आठवला.)

“तुमचा नळ वरच्या मजल्यावर असेल,” ते दाराआडून म्हणाले.

वरच्यांनी शेजारी पाठवलं, शेजाऱ्यांनी पलीकडच्या इमारतीत. सरासरीने सगळे गोडच बोलले. (एकाने अंगावर कुत्रा सोडला, पण तो सरासरीत जिरला.)

बाई अजून दारोदार हिंडते आहे. उद्या-परवा तुमच्याकडेही येईल. तुमचे नळ मोजत बसू नका, ते अहवालात आलेले आहेत. आणि दार उघडायचं नसेल तर मनाला लावून घेऊ नका. कडेवरची मुलगी आता रडत नाही, त्यामुळे तुम्हाला काही ऐकू येणार नाही.